मुक्कामाच्या चपला

४ सप्टेंबर

नाव नोंदवलं. डोंगरातली पाच दिवसांची वाट, रात्री तंबूत. वय विचारलं तेव्हा छप्पन्न म्हणाले, ठणकावून. गेल्या खेपेला याच मंडळींबरोबर दोन दिवसांच्या वाटेवर गेले होते, तेव्हा माझ्या निम्म्या वयाची माणसं मागे धापा टाकत होती.

त्या खेपेला चूक एकच झाली. संध्याकाळी मुक्कामाला सगळ्यांनी जाड बूट काढून हलकंफुलकं काहीतरी पायात घातलं आणि मी आपली ओल्या बुटांत पहाऱ्यावरच्या शिपायासारखी उभी. यंदा ते होणे नाही. आमची म्होरकी, जिला सगळे कॅप्टन म्हणतात, फोनवर म्हणाली, "काकू, पायांना संध्याकाळी मोकळं वाटेल असं काहीतरी आणा. पण वजन नको, सॅक तुम्हालाच उचलायचीय."

म्हणजे हलकं हवं, सुटसुटीत हवं, आणि ओलं झालं तर लगेच वाळायला हवं. एवढं कळलं की निवड सोपी असते. लोक उगाच घोळ घालतात.

खाली जाऊन धाकट्या बहिणीला सांगितलं. ती आणि मेहुणे खालच्या मजल्यावर राहतात, मी वर. ती ग्रंथालयात काम करते, त्यामुळे घरीसुद्धा कुणी झोपलंय अशा आवाजात बोलते.

"पाच दिवस एकटी?"

"एकटी कशी? चौदा माणसं आहेत."

"त्यांतलं तुझं कोण आहे?" म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. तिचा स्वभावच काळजीचा.

९ सप्टेंबर

साध्या रबरी स्लिपर बाद. आज दिवसभर घरात घालून बघितल्या. जिन्यावरून खाली आले तर धाकटी दारात उभी, हातात माझी डावी स्लिपर.

"ही वरच्या पायरीवर होती," म्हणाली.

खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. अख्खा जिना तशीच उतरले होते. पट्टा इतका ढिला की कधी सुटली कळलंसुद्धा नाही. अशी चप्पल डोंगरात नेली तर पहिल्याच ओढ्यात वाहून जायची. धाकटी स्लिपरकडे बघतच नव्हती, माझ्या पायाकडे बघत होती. नखं वाढलीत खरी. कापायला हवीत.

१२ सप्टेंबर

गाडीत एक गोष्ट झाली, ती लिहून टाकते.

माझी ड्रायव्हिंगची शाळा म्हणजे एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि एक गाडी. शिकवणाऱ्याच्या गाडीत असतात तसे माझ्या सीटसमोरही ब्रेक आणि क्लच आहेत. आज कोपऱ्यावरचा बेकरीवाला शिकायला होता. दणकट माणूस, पण चाक हातात आलं की सशासारखा होतो. चौकात एक बाई बाळाची गाडी घेऊन रस्ता ओलांडत होती आणि हा वेग कमी करेना. मी माझा ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"शाबास मॅडम," मी स्वतःलाच म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मीच दाबला मॅडम. तुमचा पाय तिकडे आहे."

बघितलं तर माझा पाय ब्रेकच्या बाजूला, नुसत्या चटईवर. आणि मला वाटत होतं मी चांगला जोर देऊन दाबलाय.

त्याला शाबासकी दिली. वेळेवर दाबला, कौतुकाचीच गोष्ट. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडलं: माझ्या रोजच्या बुटांचे तळ फार जाड. पेडल जाणवणार कसं? पातळ तळ हवा. मुक्कामासाठीही पातळच घ्यायचा. एका दगडात दोन पक्षी.

गाडीतली चटईही बदलली.

१५ सप्टेंबर

धाकटीच्या ओळखीतल्या एका बाईंनी त्यांचे भोकाभोकांचे फोमचे बूट बघायला दिले. हातात घेतले तर पावासारखे हलके. दुपारी गच्चीवर नेऊन फेऱ्या मारल्या. मग म्हटलं अनवाणी चालून फरक बघावा. धाकटी वाळत घातलेले कपडे काढायला आली होती. तिनेही हौसेने चपला काढल्या आणि दोन पावलांत नाचायला लागली. फरशी तापली होती म्हणे. मी इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. काही नाही.

"भाजत नाही तुला?"

"सवयीचे पाय आहेत," मी म्हटलं. "तू ग्रंथालयात गालिच्यावर चालतेस."

ती हसली नाही. नंतर पायऱ्यांवर बसून म्हणाली, "ताई, एकदा डॉक्टरांना पाय दाखवू या का? आणि तू हल्ली पाणीही किती पितेस."

पाणी पिणं हा आजार कधीपासून झाला? दुखत असेल तर माणूस डॉक्टरकडे जातो. माझं काही दुखत नाही. हे मी तिला सांगितलं आणि विषय संपला.

१६ सप्टेंबर

आजची बातमी: धाकटी येतेय. सकाळी चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, "मीही नाव नोंदवलं." मला ठसकाच लागला. जी बाई बागेतल्या चढावर दोनदा थांबते, ती पाच दिवस चालणार. मेहुण्यांनीही लगेच हो म्हटलं म्हणे.

मला आतून फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी तिला ढकलतेय, बाहेर पड, जग बघ. शेवटी माझं बघून तिला हुरूप आला. उशिरा का होईना.

२१ सप्टेंबर

खरेदी झाली. डोंगराचं सामान विकणाऱ्या दुकानात दोघी गेलो. दुकानदार शांत माणूस. त्याने चार तऱ्हा पुढे मांडल्या: पट्ट्यांचे सँडल, कापडी बूट, जाड तळाचे पुढून बंद असलेले फोमचे बूट, आणि तसलेच पातळ तळाचे, पुढून उघडे. शेवटचे उचलले तर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी.

"हेच," मी म्हटलं.

"ताई, ते जाड तळाचे बघ ना. बोटंही झाकली जातील."

"जवळजवळ दुप्पट वजन आहे."

"मी उचलीन. माझ्या सॅकमध्ये टाक."

"तू आधी स्वतःला वर ने."

दुकानदाराने विचारलं, "कुठे टोचतंय, दाबतंय?" मी दुकानात दोन फेऱ्या मारल्या. कुठेही काही नाही. इतके आरामाचे बूट की पायात आहेत हेच कळत नाही. काढले तेव्हा करंगळीजवळ लाल वळ उठलेला. धाकटीने लगेच बोट ठेवलं. म्हणाली, एक नंबर मोठा घे. मोठा घेतला की पाय सटकतो, मी सांगितलं. दुकानदाराने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि बिल केलं.

धाकटीने स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. घरातले जुने कॅनव्हासचे चालतील म्हणाली. तिला या विषयात गोडीच नाही.

४ ऑक्टोबर, पहिला मुक्काम

तंबूत बसून लिहितेय. माझी गाडी पायथ्याशी लावून सकाळी निघालो. चढ चांगलाच होता. धाकटी शेवटची पोचली, तोंड लालबुंद, पण तक्रार नाही. मी कॅप्टनच्या मागोमाग.

संध्याकाळी जाड बूट उतरवून नवे घातले आणि सगळ्या मुक्कामाचं लक्ष माझ्या पायांकडे. एका बाईंनी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "कुठून घेतले?" मी पत्ता दिला. जाड बुटातून एक खडा निघाला, चांगला हरभऱ्याएवढा. दिवसभर आत असणार. धाकटीने तो उचलून खिशात टाकला. कशाला, कुणास ठाऊक.

५ ऑक्टोबर

आज लिहिणार नव्हते. पण झोप येत नाही.

दुसऱ्या मुक्कामाला पोचल्यावर मी ओढ्यावरून पाणी आणायचं काम घेतलं. झुडपांमधून वाट होती. दोन खेपा केल्या, भांडी धुतली, मग तंबूत आले. धाकटी आत अंथरूण घालत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "ताई, हलू नकोस."

मला वाटलं किडा आहे. खाली बघितलं तर तंबूच्या निळ्या जमिनीवर माझ्या पावलांचे ओले डाग, दारापासून आतपर्यंत. कुणाचं तरी सरबत सांडलं असेल, असंच आधी मनात आलं. मग टॉर्चच्या उजेडात रंग दिसला.

तिने मला बसवलं आणि डावा बूट काढायला गेली. बूट निघेना. पट्टा सोडला, तरी निघेना. मी म्हटलं, "ओढ ना नीट." तिने पाय वळवून टॉर्च लावला. तळातून एक काटा आत शिरला होता, बोटाच्या पेराएवढा, आणि बूट पायाला खिळ्यासारखा ठोकला गेला होता.

कॅप्टन धावत आली. औषधांची पेटी उघडली, धाकटीने दात आवळून काटा ओढला. मी बघत होते, दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तशी.

"काकू, दुखत नाहीये?" कॅप्टनने विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हटलं. थोडं अभिमानानेच म्हटलं.

 काटा कधी लागला, पहिल्या खेपेला की दुसऱ्या, हेही मला सांगता आलं नाही.

मग धाकटी म्हणाली, "उद्या आम्ही दोघी खाली उतरतोय." मला न विचारता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका काट्यासाठी पाच दिवसांची वाट सोडायची? पट्टी बांधून मी आरामात चालेन. कॅप्टनकडे वळले तर ती धाकटीकडे बघत होती.

"माझी मी ठरवीन," मी म्हटलं.

"नाही," धाकटी म्हणाली. तोच हलका आवाज, पण अख्ख्या तंबूत ऐकू गेला. "तू नाही ठरवायचंस. तुला कळत नाहीये, ताई. काटा लागलेला कळत नाहीये."

मी पाय पांघरुणात ओढून घेतला. 

६ ऑक्टोबर

सामान वाहणाऱ्या खेचरावर बसून उतरले. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. खेचर चांगलं होतं.

पायथ्याशी गाडी. धाकटीने किल्लीसाठी हात पुढे केला. तिला मीच शिकवलंय, पण प्रत्येक सावलीला ब्रेक मारायची म्हणून नंतर कधी चाकाला हात लावू दिला नाही. तिने सीट पुढे घेतली, आरसे नीट केले, आणि निघायच्या आधी म्हणाली, "पाय वर घे."

माझ्यासमोर शिकवणाऱ्याचे ब्रेक आणि क्लच. इतकी वर्षं त्यांच्यावर पाय ठेवून बसलेय, लोकांना वाचवायला. मी दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली. घाटात वळणं आली तेव्हा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेले. ती हळू चालवत होती, पण एकदाही चुकली नाही. एकदा म्हणाली, "काल रात्रीपासून तू एकदाही पायाकडे बघितलं नाहीस."

खरं होतं. भीती वाटत होती. हे इथेच लिहितेय, तिला सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी जखम धुतली, रक्त तपासायला घेतलं, मग म्हणाले, डोळे मिटा. हातात मासेमारीच्या दोऱ्यासारखा बारीक दोरा होता. "हा तळव्याला लावीन. लागला की हो म्हणा."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. धाकटीच्या खुर्चीचा आवाज आला. मी म्हटलं, "करा ना सुरू, डॉक्टर."

"झालं," ते म्हणाले. "दोन्ही पायांचं झालं."

डोळे उघडले. धाकटी खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

रक्तात साखर आहे. बरीच, आणि बऱ्याच दिवसांपासून. तिच्यामुळे पायांच्या नसा बधिर झाल्यात. कधीपासून जाणवत नाही, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, परवापासून. धाकटी खिडकीपासून म्हणाली, "उन्हाळ्यापासून असेल." मग तिने सांगितलं: जिन्यातली स्लिपर, गच्चीवरची फरशी, बुटातला खडा. खडा तर तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवला. आणि चौकातला ब्रेक. तो बेकरीवाल्याने पाव देताना तिला सांगितला होता. ग्रंथालयातल्या लोकांना लहानसहान गोष्टी लक्षात ठेवायची खोडच असते.

"काम काय करता?" डॉक्टर म्हणाले.

"गाडी शिकवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "आजपासून बंद. पेडल कळत नसताना मी त्या सीटवर बसणार नाही." हे मी आधी म्हटलं. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने इथे लिहून ठेवते. बोलताना डोळ्यांसमोर ती बाई होती, बाळाच्या गाडीवाली.

२३ ऑक्टोबर

जखम हळू भरतेय. रोज पट्टी बदलायची, पाय टेकवायचा नाही, गोळ्या, मोजून खाणं. डॉक्टर म्हणाले, गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, आहे ती राखायची. मला हा माणूस आवडतो. गोड बोलत नाही.

दोन दिवस फार वाईट गेले. शाळेची खोली उघडलीच नाही. गाडी दारात उभी आणि मी वरून तिच्या टपाकडे बघत. मला दुसरं काय येतं, हा प्रश्न छप्पन्नाव्या वर्षी पडू नये. पडला.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाला जिना चढून आला. "मॅडम, माझी परीक्षा आहे. मी आता कुणाकडे जाऊ?" त्याचं तोंड बघून मला आधी हसू आलं आणि मग डोकं चालायला लागलं. एक बाई आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली, दुसऱ्या शाळेत शिकवते आणि तिथे नाराज आहे. तिला बोलावलं. रस्त्यावर ती, खोलीत मी. खुणा, नियम, वळणं, माणसाच्या मनातली भीती, हे सगळं खुर्चीत बसूनही शिकवता येतं. खरं तर जास्त चांगलं येतं, कारण ओरडायला गाडी समोर नसते.

१४ नोव्हेंबर

बेकरीवाला पास. केक घेऊन आला. मी बघितला, कौतुक केलं आणि मेहुण्यांच्या हवाली केला.

३० जानेवारी

डॉक्टरांनी परवानगी दिली. एक रात्र, सोपी वाट, जखमेवर नवी कातडी धरलीय म्हणून. अट: पाय रोज तपासायचे आणि अनवाणी पाऊल टाकायचं नाही, तंबूतसुद्धा नाही.

म्हणजे मुक्कामाची पादत्राणं पुन्हा घ्यायला हवीत. दुकानदाराने मला ओळखलं.

"सगळ्यात हलके ना?"

"नाही," मी म्हटलं आणि बसले. या खेपेला पायाला विचारायचं नव्हतं, म्हणून हाताला विचारलं. प्रत्येक बुटात हात घालून शिवणी चाचपल्या. तळ अंगठ्याने दाबून बघितला. दाभण मागितला तेव्हा तो जरा बिचकला, पण टोचून बघायला एक जुना नमुना दिला. दाभण आत गेला नाही. पुढून बंद, बोटांना ऐसपैस, टाचेला पट्टा, आणि आतलं अस्तर पांढरं, म्हणजे काही झालं तर डोळ्यांना लगेच दिसेल. हात सहज आत जातो, खडा असला तर हाताला सापडेल. एक नंबर मोठा. वजन जास्त आहे. मग सॅकमधून जादाचं भांडं आणि जाड पुस्तक काढलं. हलकं करायला दुसऱ्या जागा असतात.

मला वाटतं, या विषयात आता माझ्याएवढं कुणाला कळत नसेल.

७ फेब्रुवारी, मुक्काम

पोचलो. सपाट वाट, दोन बारीक चढ. मी मधोमध चालले. नवे बूट उत्तम. आत हात फिरवून मगच घालायचे, ही सवय झाली.

संध्याकाळी तंबूत धाकटीने माझे मोजे काढले आणि टॉर्च लावून तळवे बघायला बसली. बोटांच्या मधूनही बघते. तसंच बघता बघता म्हणाली, "ताई, एक सांगू? मला डोंगर अजिबात आवडत नाहीत. चढताना जीव जातो. तंबूत डोळ्याला डोळा लागत नाही. आणि ते किडे."

"मग दोन्ही वेळा आलीस कशाला?"

"दुसरा पाय दे," ती म्हणाली.

दिला. ती बघत असताना माझी नजर तिच्या पायांकडे गेली. तेच जुने कॅनव्हासचे बूट, टाचेशी फाटलेले. आल्यापासून ती डाव्या पायावर भार टाकत नव्हती. मी पादत्राणांवर एवढं बोलले, एवढं वाचलं, आणि ही माझ्या शेजारी काय घालून चालतेय ते बघितलंच नव्हतं.

"आता तुझे दाखव."

"माझ्या पायांना काय झालंय."

"दाखव म्हणते ना."

टाचेवर फोड, फुटलेला, मोजा चिकटलेला. दिवसभर तोंडातून अक्षर नाही. मी कोमट पाण्याने मोजा सोडवला, औषध लावलं, पट्टी बांधली. ती स्स् करत होती. किती लागतंय ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मी हात हलका केला.

८ फेब्रुवारी

उतरताना मला माझे जाड बूट होतेच, म्हणून मुक्कामाचे तिला दिले. तिला जरा मोठे होतात, पण फोडाला कुठे लागत नाहीत. अर्ध्या वाटेत म्हणाली, "जड आहेत गं थोडे."

"असू देत," मी म्हटलं.

डोंगर आवडत नाहीत हे काही मला पटलेलं नाही. पायाला फोड आला की कुणालाही असंच वाटतं. उद्या सकाळी तिला घेऊन दुकानात जाणार आहे.